पलंगावर खटला भरण्याआधी

ताई, नमस्कार. आमचं आयुष्य वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत गेलं. पुनर्विकासात आता टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळालंय. दिवाळीनंतर राहायला आलो. सासूबाईंनी हट्टाने त्यांचा सागवानी पलंग परत आणला. बांधकाम चालू असताना तो सुटा करून कल्याणला नणंदेच्या पोटमाळ्यावर तीन वर्षं ठेवला होता. फेब्रुवारीत हॉलसाठी सोफा-कम-बेड घेतला, वापरलेला, पण दिसायला अगदी नवा. मार्चअखेरपासून मुलाच्या हातापायांवर गांधी उठायला लागल्या. तो हॉलमध्ये झोपतो. आधी डास म्हटलं, मग उष्णता म्हटलं. एप्रिलमध्ये आमच्याही अंगावर आल्या आणि एका रात्री दिवा लावला तर उशीवर ढेकूण! मी तेव्हाच म्हटलं, हा जुना पलंग बाहेर काढा. सासूबाई म्हणतात, मला तर एकही चावत नाही, पलंगाला हात लावलात तर मी गावी निघून जाईन. मिस्टर दोघींच्या मध्ये गप्प. स्प्रेचे चार डबे संपले. मुलाला आता आमच्या खोलीत खाली झोपवते. शेजारीपाजारी कुणाला बोललो नाही. लोक म्हणतील, टॉवरात आले पण चाळ काही सुटली नाही. गणपतीला गावची माणसं उतरणार. एकाने धान्यात ठेवायच्या गोळ्या कपाटात आणि गादीखाली ठेवायला सांगितल्यात. ठेवू का? आणि पलंगाचं काय करू?
— एक वाचक, वरळी

ताई,

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. त्या गोळ्या ठेवू नका. आणून ठेवल्या असतील तर पुडी फोडू नका, ओल्या हाताने शिवू नका, बेसिनमध्ये किंवा संडासात तर मुळीच टाकू नका. पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, झोपायच्या खोल्यांपासून दूर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा आणि ज्याने दिली त्याला परत न्यायला लावा. धान्याच्या गोदामात वापरतात त्या गोळ्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! तो वायू दाराच्या फटीतून, एसीच्या भोकातून, पाइपांच्या डक्टमधून शेजारच्या घरात जातो. त्यावर उतारा नाही. ढेकूण मारायला ठेवलेल्या औषधाने घरातली किंवा शेजारची झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या राज्यातही वाचल्या आहेत. ज्याने हा सल्ला दिला त्यालाही सांगा, की बाबा, आणखी कुणाला सांगू नकोस.

आता पलंगाकडे येऊ.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सासू-सुनेचं भांडण दिसलं, दुसऱ्या वाचनात पुरावा दिसला, आणि तो पुरावा पलंगाविरुद्ध नाही. तुम्हीच लिहिलंय की पलंग तीन वर्षं पोटमाळ्यावर सुटा पडून होता. ढेकूण फक्त रक्तावर जगतो. थंड हवेत तो उपाशीपोटी वर्षभरही तग धरतो म्हणतात, पण आपल्या उकाड्यात त्याचं अंग लवकर झिजतं आणि काही महिन्यांत खेळ आटोपतो. तीन वर्षं माणसाच्या वासाशिवाय कल्याणच्या पत्र्याखाली काढून, पुन्हा वरळीला येऊन चावेल असा ढेकूण अजून जन्मायचा आहे. (नणंदेच्या घरातच ढेकूण असतील तर गोष्ट वेगळी. तो प्रश्न तुम्ही विचारू नका, मिस्टरांना विचारायला सांगा.)

शिवाय तारखा बघा. पलंग आला दिवाळीनंतर. चार महिने कुणाला काही झालं नाही. सोफा आला फेब्रुवारीत, आणि पहिला कोण चावला गेला? सोफ्यावर झोपणारा मुलगा. मार्चअखेरीस. एक पोटुशी मादी घरात शिरली तरी पुरते. ती रोज दोन-चार अंडी घालते, आठवड्या-दहा दिवसांत ती फुटतात, पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा पोटभर रक्त लागतं. अंड्यापासून पूर्ण ढेकूण व्हायला आपल्या हवेत पाच-सहा आठवडे पुरतात. फेब्रुवारी ते मार्चअखेर, हिशेब बरोब्बर जुळतो. हॉलमधून तुमच्या खोलीत यायला एप्रिल लागला, तोही जुळतो. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला आहात.

पण सासूबाईंनीही लगेच जिंकल्याचा आव आणू नये. ‘मला चावत नाही’ ही साक्ष कच्ची आहे. ढेकूण चावताना लाळेतून भूल दिल्यासारखं करतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि निघून जातो. गांध उठते ती त्या लाळेवर आपलं अंग चिडतं म्हणून. काहींचं अंग चिडतच नाही. म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पुष्कळदा खूण उमटत नाही. म्हणजे पलंग आरोपी नसला तरी एव्हाना त्यातही पाहुणे उतरले असू शकतात. म्हणून भांडण बाजूला ठेवून आधी झडती घ्या. सगळ्या घराची.

झडतीला दिवसा बसा. हातात बॅटरी, जुनं एटीएम कार्ड, रुंद चिकटपट्टी आणि ओला कापूस. गादीची काठाची शिवण आणि पायपिंग बोटाने उलगडत जा. सोफा उताणा करा. खाली जे काळं पातळ कापड स्टेपलरने ठोकलेलं असतं ते सोडवा. माझा अंदाज आहे, वस्ती तिथेच सापडेल. काय दिसायला हवं? पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी. रक्त प्यायला की लांबट आणि लालभडक होतो. अंडी रव्याच्या कणासारखी पांढरी, चिकटवलेली, झटकून पडत नाहीत. टाकलेल्या काती पोकळ आणि पिवळट. पण सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे विष्ठेचे काळे ठिपके, जणू कुणी शाईच्या पेनाने टिंबं दिलीत. ओला कापूस फिरवला तर ते तांबूस पसरतात, कारण ते पचलेलं रक्तच आहे. वस्ती फार वाढली असेल तर वासही येतो, कुजत चाललेल्या कोथिंबिरीच्या जुडीसारखा. हा वास ज्यांनी चाळीत घेतलाय ते विसरत नाहीत. मी लालबागला वाढले. आमच्या खोलीच्या भिंतीवर अंगठ्याने चिरडलेल्या ढेकणांच्या तांबड्या रेघा होत्या आणि दर दिवाळीला वडील त्यावर चुना मारायचे. चुना वाळला की रेघा पुन्हा हलक्या वर यायच्या.

गादी आणि सोफ्यानंतर पलंगाचे सांधे बघा, मग तुमच्या बेडचा प्लायवूडचा खोका, डोक्याकडची फळी, तिच्यामागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर आणि फोटो, बिछान्याजवळचा स्विचबोर्ड, पडद्याचा वरचा काठ, मुलाचं दप्तर. बहुतेक वस्ती माणूस झोपतो तिथून सहा-आठ फुटांत असते, त्यामुळे स्वयंपाकघराचे डबे उपसत बसू नका. आणि एक खात्री करून घ्या. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, पोटाला रात्री खाज सुटत असेल आणि घरात एकही ठिपका सापडत नसेल, तर ती खरूज असू शकते. तिला पेस्ट कंट्रोल नव्हे, डॉक्टर लागतो. तुम्ही उशीवर ढेकूण पाहिलाय, तेव्हा तुमच्या घरी तो प्रश्न नाही.

मुलाला हॉलमधून उचलून तुमच्या खोलीत खाली झोपवलंत. आईचं काळीज आहे, मी समजू शकते. पण ढेकूण आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर असतो. हॉलमधलं जेवण उठून आत गेलं की तोही आत येतो, आणि येताना वाटेतल्या फटीत दोन-चार अंडी ठेवून येतो. खोली बदलल्याने ढेकूण सुटत नाहीत, पसरतात. आता ज्याची त्याची झोपायची जागा ठरवा आणि काम संपेपर्यंत ती बदलू नका.

स्प्रेच्या डब्यांबद्दल रागावत नाही, पाचवा मात्र आणू नका. बाजारातल्या बहुतेक डब्यांत पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि ढेकणांनी ते बऱ्याच प्रमाणात पचवलंय. ही त्यांची जुनी खोड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे रामबाण मानलं गेलं, आणि १९४७ मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरला डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. समोर आलेल्या चार ढेकणांवर फवारा बसला तर ते मरतील, उरलेले फटीत आणखी खोल सरकतात, अंड्यांना तर बहुधा काहीच होत नाही. आणि तो फवारा ज्या उशीवर पडला तिच्यावर तुमचा मुलगा तोंड ठेवून झोपतो. मुंग्या-झुरळांचा खडू, डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, प्लगला लावायचं ‘आवाजाने किडे पळवणारं’ यंत्र, यांतलं काहीही ढेकणांची वस्ती हलवत नाही. रॉकेल आता मिळत नाही तेच बरं. मिळालं तरी चौदाव्या मजल्यावर प्लायवूडवर रॉकेल ओतणं म्हणजे अग्निशमन दलाला आमंत्रण.

ढेकणाचा खरा वैरी उष्णता. पन्नास अंशांच्या वर तो आणि त्याची अंडी दोन्ही झटकन मरतात. पंचेचाळीसच्या आसपास तास-दीड तास लागतो, अंड्यांना त्याहून जास्त. आमच्या आईला हे आकडे माहीत नव्हते, पण महिन्यातून एका रविवारी ती खाट गॅलरीत काढून किटलीने कढत पाणी सांध्यासांध्यात सोडायची. उपाय बरोबर होता. उन्हात गादी टाकायचा उपाय मात्र अर्धाच. नागपूरचं मे महिन्याचं ऊन असतं तर काही म्हटलं असतं. मुंबईचा पारा पस्तिशीपाशी रेंगाळतो, गादी वरून तापते आणि ढेकूण खालच्या सावलीत जाऊन बसतो. लहान वस्तू, चपला, पुस्तकं, मुलाचं दप्तर, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दुपारभर गच्चीत ठेवली तर आत चांगलं तापतं. जाड वस्तूंना ते चालत नाही.

तेव्हा कामाला असे लागा. चादरी, अभ्रे, पांघरुणं, पडदे जिथल्या तिथे मोठ्या पिशव्यांत भरून तोंड बांधा. हातात घेऊन घरभर फिरवू नका. मशीनला ६० अंशांचा प्रोग्रॅम असेल तर त्यावर धुवा, नसेल तर कापडाला चालेल इतक्या कढत पाण्यात बुडवून ठेवा. वाळल्यावर कडक इस्त्री. धुतलेलं पुन्हा त्याच कपाटात नको, नव्या पिशवीत बंद. पावसाळ्यात हे काम तिप्पट वाढतं, म्हणून मे संपायच्या आत उरका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर चिंचोळ्या नळीने शिवणी आणि फटी ओढून घ्या. नंतर आतली पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका, नाहीतर ते रांगत परत येतात. कपड्यांवर वाफ मारायचं हातातलं यंत्र कुणाकडून मागून आणता आलं तर उत्तम. फूटभर शिवणीला दहा-बारा सेकंद, इतक्या सावकाश फिरवा, आणि तोंडाला जुना कपडा गुंडाळा, नाहीतर वाफेच्या झोताने ते मरण्याआधी उडून जातात. स्विचबोर्डजवळ वाफ, पाणी काही नाही. तिथे काम पेस्ट कंट्रोलवाल्याचं.

सोफ्याचं मी सांगते ते कटू आहे. आत फोम, प्लाय आणि शेकडो स्टेपल असलेली ती वस्तू घरच्या घरी साफ होणं कठीण. वस्ती त्यातच सापडली तर तो जाऊ द्या. पण असाच लिफ्टमध्ये घालू नका, वाटेत ढेकूण सांडतील आणि लिफ्ट सगळ्यांची आहे. घरातच मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा. खाली नेल्यावर कापड फाडून त्यावर ठळक अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ असं लिहा. नाहीतर तुमच्या फाटकाबाहेर ठेवलेला सोफा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाच्या घरात पोचलेला असेल, आणि आठवून बघा, तुमच्याकडे तो कदाचित असाच आला. कापसाची गादी पिंजाऱ्याकडे द्यायची असेल तर त्यालाही आधी सांगा. त्याच्याकडे दहा घरांच्या गाद्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात.

आणि आता गंमत ऐका. तुमच्या घरात ढेकणांपासून वाचवायला सगळ्यांत सोपी झोपायची जागा कुठली? तुम्ही बाहेर काढायला निघालात तो पलंग! तुमचा खोक्याचा बेड सगळ्या बाजूंनी जमिनीला टेकलाय. आत रजया, सुटकेसी, कदाचित गणपतीचं मखर. ढेकणांसाठी ते कोठारासकट बंगला आहे. पलंगाला चार पाय आहेत. जुन्या घरांत जाळीच्या कपाटाच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असायच्या, सासूबाईंना नक्की आठवत असेल. तेच करायचं. पलंग भिंतीपासून वीतभर ओढा, चादरीचं टोक जमिनीला लागू देऊ नका, आणि चारी पाय वाट्यांत ठेवा. परदेशात यासाठी गुळगुळीत प्लास्टिकच्या कोरड्या वाट्या विकतात, त्यांच्या भिंतीवरून तिकडचा ढेकूण घसरतो. आपल्याकडे जास्त आढळतो तो सायमेक्स हेमिप्टेरस, उष्ण प्रदेशातला भाऊबंद, आणि तो गुळगुळीत भिंतही चढून जातो. म्हणून वाटीत थोडं साबणाचं पाणी ठेवा. ते दर दोन दिवसांनी ओतून, वाटी घासून पुन्हा भरा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या तर एक संकट घालवताना डेंग्यू आणाल. सकाळी वाटीत काय पडलंय ते बघा. तेच तुमचं प्रगतिपुस्तक. ढेकूण आहेत की गेले हे अंगावरच्या गांधींपेक्षा वाट्या खरं सांगतात.

त्याआधी पलंग एकदा सुटा करून घ्या. सागवानाचा आहे, तेव्हा खुंट्या आणि खाचांचे सांधे सहज निघतील. एखादा जुना सुतार तासाभरात करून देईल. प्रत्येक खाचेत किटलीने उकळतं पाणी किंवा वाफ, मग दोन दिवस कडक ऊन, मग बारीक चिरांत लांबी (पुट्टी) भरून वरून पॉलिश. चिरा बुजल्या की लपायला जागा उरत नाही. हे काम सासूबाईंच्या देखरेखीखाली होऊ द्या. ‘आई, पूर्वी तुम्ही कसं करायचात?’ एवढा एक प्रश्न विचारा आणि बाजूला व्हा. त्यांचा राग मला वाटतं ढेकणांवर किंवा तुमच्यावर नाहीच. सगळी चाळ पाडली गेली. त्यातली एक वस्तू उरलीय आणि तीही सून फेकायला निघाली, असं त्यांना दिसतंय.

पेस्ट कंट्रोल लागेल, एकट्या घरच्या उपायांवर मी तुम्हाला सोडणार नाही. पण बोलावताना चार गोष्टी विचारा. परवाना आहे का (कीटकनाशकांचा कायदा १९६८ पासून आहे, कागद मागायला लाजू नका). औषध कोणतं आणि त्याच्या लेबलवर ढेकणांचा उल्लेख आहे का. किती फेऱ्या मारणार. शेजारची घरं तपासणार का. ‘एका फेरीत कायमचे घालवतो, वास नाही, काही नाही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पहिल्या फवारणीत अंडी वाचतात. दहा ते चौदा दिवसांनी ती फुटलेली असतात पण पिल्लं अंडी घालण्याच्या वयाची झालेली नसतात, तेव्हाच दुसरी फेरी बसायला हवी. बऱ्याचदा तिसरीही लागते. त्या दिवशी सासूबाई, मुलगा आणि कुणाला दमा असेल तर ते, सगळ्यांनी त्याने सांगितलेले तास घराबाहेर काढायचे; आल्यावर खिडक्या उघडून पंखे लावायचे. आणि घर लखलखीत करायच्या उत्साहात भिंतीकडेचे आणि बेडखालचे कोपरे त्याच दिवशी फिनाईलने पुसून काढू नका, औषध तिथेच राहायला हवं. गाद्यांना चेन असलेली पूर्ण खोळ घाला आणि वर्षभर काढू नका. आत राहिलेले आतच संपतील.

शेजाऱ्यांपासून लपवलंत, हे मात्र मला पत्रात सगळ्यांत जास्त खटकलं. रागावून नाही सांगत, मीही हेच केलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका लग्नाला गेले असताना लॉजमधून बॅगेत ढेकूण घेऊन आले. दोन महिने कुणाला कळू दिलं नाही. गाद्या रात्री दहानंतर झटकायचे, मजल्यावरच्या बायका पॅसेजमध्ये बोलत उभ्या असल्या की दार लोटून घ्यायचे. शेवटी समोरच्या वहिनींनीच एक दिवस हळू आवाजात विचारलं, ‘तुमच्याकडे पण आहेत का हो?’ त्याही दोन महिने रात्री दहानंतरच गाद्या झटकत होत्या! दोघींनी वेगवेगळ्या दिवशी फवारणी केली होती, आणि ढेकूण आमच्या सामायिक भिंतीतून इकडून तिकडे पंगतीला जात होते.

ढेकणाला घाण लागत नाही, माणूस लागतो. २०२३ च्या शरद ऋतूत ऑलिंपिकच्या तयारीतल्या पॅरिसमध्ये सिनेमागृहांत, रेल्वेत, हॉटेलांत ढेकणांवरून एवढा गदारोळ झाला की सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. ते काही बीडीडी चाळीतून गेलेले नव्हते. आपली ‘ढेकणाच्या संगतीने हिरा भंगला’ ही म्हणसुद्धा ढेकणावर अन्याय करते. ढेकणाने हिरा फुटत नाही, आणि ढेकूण झाले म्हणून कुणाचं घर हलकं होत नाही. रोगराईचीही धास्ती नको. डासासारखा तो माणसांत आजार पसरवत असल्याचं आढळलेलं नाही. त्रास आहे तो खाजेचा, खाजवून चिघळण्याचा आणि उडालेल्या झोपेचा. मुलाच्या गांधींवर थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन. नखं कापून ठेवा. सूज वाढली किंवा पू दिसला तर डॉक्टर.

तुमच्या टॉवरमध्ये शेकडो कुटुंबं जवळपास एकाच वेळी सामान घेऊन आलीत. ढेकूण फक्त तुमच्याकडे आलेत असं मानायला काही कारण नाही. निदान डावं, उजवं, वरचं आणि खालचं घर, एवढ्यांना सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घालून टाकायचं जिवावर येत असेल तर सेक्रेटरीला सांगा, की मजल्याची एकत्र तपासणी ठेवा, एकाच पेस्ट कंट्रोलवाल्याकडून, दरही उतरेल. तोंडाने सांगायचं झालं तर मी जे वाक्य वापरलं तेच उसनं घ्या: ‘आमच्याकडे ढेकूण निघालेत, आम्ही फवारणी करतोय, तुमच्याकडेही एकदा बघून घ्या.’ याच्या पुढे माफी मागायची नाही, खुलासाही द्यायचा नाही. समोरून ‘अय्या’ आलं तर येऊ दे. बहुतेकदा ‘अय्या’नंतर दोन मिनिटांनी ‘आमच्याकडे पण…’ येतं.

यापुढे जुनं फर्निचर घ्यायचंच असेल तर लाकडी किंवा लोखंडी घ्या, फोमचं नको, आणि घरात आणण्याआधी खालीच उताणं करून बॅटरीने बघा. प्रवासाहून आल्यावर बॅग बिछान्यावर टाकायची नाही. बाथरूमच्या कोरड्या लादीवर उघडायची, कपडे थेट धुवायला, बॅगेच्या शिवणी एकदा बघायच्या. लॉजच्या खोलीत शिरल्यावर गादीचा डोक्याकडचा कोपरा उचलून बघायला अर्धा मिनिट लागतो. लांब पल्ल्याच्या गाडीत बर्थच्या शिवणीवर एक नजर टाका. मी आता हे इतक्या सवयीने करते की मुलगी माझी चेष्टा करते.

गणपतीला अजून तीन-साडेतीन महिने आहेत. आज सुरुवात केलीत तर मेअखेर पहिली फवारणी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी, लागलीच तर महिनाअखेर तिसरी. त्यानंतर सहा-आठ आठवडे वाट्यांत काही पडलं नाही, नवा ठिपका दिसला नाही, तर घर मोकळं समजा. तोवर काही उरलंच असेल तर पाहुण्यांना बोलावण्याआधी मोकळेपणाने सांगा आणि त्यांची झोपायची सोय शेजारी करा. गावच्या घरी परतीच्या बॅगेतून ढेकूण पाठवणं हा प्रसाद कुणालाच नको. सगळं निघालं असेल तर पाहुणे खुशाल उतरू द्या. फक्त त्यांच्याही बॅगा बिछान्यावर नकोत, आणि पलंगाखालच्या वाट्या गौरी-गणपती जाईपर्यंत काढू नका. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, मुंग्यांसाठी आहेत.